शेवटचे दीड मीटर

वीज ही मुळात अशुद्ध वस्तू आहे. धरणापासून आपल्या भिंतीपर्यंत ती शेकडो किलोमीटर खांबांवरून लोंबकळत, कावळ्यांच्या पायांखालून येते. मात्र सॉकेटपासून गाणी ऐकायच्या अॅम्प्लिफायरपर्यंतच्या शेवटच्या दीड मीटरात तिच्यावर चांगले संस्कार करता येतात. हे आमच्या साडूंनी ओळखले. घरच्यांनी त्यांचे आभार मानायला हवे होते. (अजून मानलेले नाहीत.)

साडूंनी आधी सॉकेट बदलले, मग कॉर्ड, मग तिची पिन. नवी कॉर्ड मनगटाएवढी जाड असून ती वाकत नाही. त्यामुळे कपाट हातभर पुढे ओढावे लागले आणि जेवणाचे टेबल दारात आले. कॉर्ड जमिनीला टेकू नये म्हणून खाली लाकडी ठोकळे आहेत. शिवाय दोनशे तास वीज वाहू देऊन तिला मुरू द्यावे लागते. तोवर ऐकलेले ग्राह्य धरले जात नाही.

त्यांच्या मुलीने स्वतःचे गाणे रेकॉर्ड करून आणले ते नेमके या दोनशे तासांत. आयुष्यातले पहिलेच, आणि ते बाबांनी ऐकावे एवढेच तिला हवे होते.

"मुरू दे गं आधी," साडू म्हणाले. कॉर्ड मुरली तेव्हा नवी पिन आली. पिनेलाही दोनशे तास. असे चार महिने गेले.

शेवटी जुनी आणि नवी कॉर्ड ताडून पाहण्याच्या रविवारी तिने कुणाला न सांगता आपलेच गाणे लावले. श्रोते पाच, डोळे मिटलेले. (एकाच्या कानात यंत्र. त्याच्या चार्जरची वायर बदलण्याचे ठरले आहे.) गाणे एकदा जुन्या कॉर्डवर, एकदा नव्या. कपाटामागे मावणारी ती एकटीच, म्हणून अदलाबदलीचे काम तिच्याकडे.

पाचपैकी पाच जणांना फरक जाणवला. चौघांना पडदा सरकल्यासारखे वाटले. मला तर दुसऱ्या खेपेस गाणारी एक पाऊल पुढे आलेली स्पष्ट दिसली, तेही मिटल्या डोळ्यांनी. साडूंना गहिवरून आले.

"बाबा, जुनी पिन निघालीच नाही," मुलगी मागून म्हणाली. "सॉकेट फार घट्ट आहे. मी नुसती तीसपर्यंत मोजत उभी होते. दोन्ही वेळा जुनीच कॉर्ड होती."

मग साडू उजळले. "बघा! नवी नुसती शेजारी ठेवली तरी एवढा फरक!"

सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

"आणि गात कोण होतं?" तिने विचारले.

"ते बघायचं नसतं बाळा," साडू मायेने म्हणाले. "लक्ष कॉर्डवरून उडतं."

ती कपाटामागून निघाली, चपला घालून बाहेर गेली. मला फार वाईट वाटले.

तुम्हालाही त्या बापाचा राग आला असेल, आणि तो रास्तच आहे. तिने कोणते गाणे म्हटले होते, हे मी शेवटपर्यंत सांगितलेले नाही. तुम्हालाही ते विचारावेसे वाटले नसेल. कॉर्ड केवढी जाड होती ते मात्र पक्के लक्षात असेल.