तुकडा क्रमांक एकशे चौदाचा शेरा

जे सगळ्यांचं असतं त्याची काळजी कुणीच घेत नाही, हे सत्य शासनाच्या ध्यानात यायला बराच काळ गेला. पण एकदा आल्यावर मात्र त्याने एक दिवस दवडला नाही. सार्वजनिक जंगलाचे एकशे चौदा तुकडे पाडून ते विकायला काढण्यात आले. प्रत्येक तुकड्याला मालक मिळाला, की प्रत्येक झाडाला मायेचं माणूस मिळेल, असं माहितीपत्रकात म्हटलं होतं. (माहितीपत्रक जाड, गुळगुळीत कागदावर छापलं होतं. कागदासाठी तुकडा क्रमांक तीन वापरण्यात आला.)

ज्या वनरक्षकाने या जंगलाची बत्तीस वर्षं काळजी घेतली, तो ‘कुणीच’ या सदरात मोडत होता. त्याचं त्याला फारसं वाईट वाटलं नाही. घोर वेगळाच होता. तीन महिन्यांनी तो निवृत्त होणार होता आणि राहती चौकी तुकडा क्रमांक चाळीसबरोबर विकली जाणार होती. नवराबायकोला डोक्यावर छप्पर हवं होतं आणि त्याने मनोमन एक जागा धरली होती: शेवटचा, एकशे चौदावा तुकडा. सगळ्यांत लहान. चार वाकडी झाडं आणि एक झरा, ज्यातला गाळ तो दरवर्षी स्वतःच्या हाताने उपसत आला होता. जवळची सगळी पुंजी आणि बायकोच्या दोन बांगड्या मिळून तो तुकडा प्राथमिक भावात अगदी बेताने बसत होता. बांगड्या तिने आपणहून काढून ठेवल्या होत्या.

“झऱ्याच्या पाण्यात हात घालायला बांगड्या कशाला लागतात?” ती म्हणाली होती.

विक्रीआधी प्रत्येक तुकड्याचं पत्रक भरायचं होतं आणि ते काम नियमाने वनरक्षकाचंच होतं. क्षेत्र, उतार, झाडांची संख्या आणि शेवटी ‘शेरा’. बत्तीस वर्षांत त्याने शेऱ्याच्या रकान्यात आडव्या रेघेपलीकडे काही घातलं नव्हतं.

“काका, रेघ चालणार नाही,” विक्री अधिकारी म्हणाला. “वरून ताकीद आहे. मनात येईल ते लिहा, पण लिहा.”

वनरक्षक प्रामाणिक होता (हा दोष त्याच्या सेवापुस्तकात तीनदा नोंदलेला आहे). त्याने लिहिलं: ‘पाणी बारमाही. इथे बसलं की जीव शांत होतो.’

कार्यालयात खळबळ उडाली. एकशे तेरा तुकड्यांत जीव कुठेच शांत होत नव्हता. ताबडतोब ‘जीवशांती मूल्यांकन उपसमिती’ नेमली गेली. तिच्या तीन सदस्यांनी झऱ्याकाठी प्रत्येकी वीस मिनिटं बसून पाहिलं. दोघांचा जीव शांत झाला. तिसऱ्याला झोप लागली. तिची नोंद ‘संपूर्ण शांती’ अशी झाली. भाव चौपट झाला.

“लिहायला कुणी सांगितलं होतं हो?” बायको म्हणाली.

“साहेबांनी.”

“शांत होतो म्हणून? तुमचा जीव कधी शांत असतो? आता तरी काहीतरी वाईटसाईट लिहा.”

सुधारित शेरा देण्याची सोय होती. वनरक्षकाने लिहिलं: ‘डास फार. साप निघतात.’ उपसमितीने त्याला ‘समृद्ध जीवसृष्टी’ म्हटलं आणि भाव वाढवला. त्याने लिहिलं: ‘रस्ता नाही.’ हा एकांत ठरला. भाव वाढला. ‘मोबाइलला रेंज नाही’ या एका ओळीने तर तो दुप्पट झाला आणि शहरातून एकाच दुपारी अकराशे लोकांनी चौकशीचे फोन केले. (फोन कार्यालयात आले, तिथे रेंज होती.) ‘पावसात गुडघाभर चिखल’ लिहिल्यावर एका सौंदर्यतज्ज्ञ बाईंनी चिखलाचा नमुना मागवला.

शेवटी बायकोने सांगितलं, “भूत आहे म्हणून लिहा.” देवाला भिऊन वागणाऱ्या त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा सरकारी कागदावर खोटं लिहिलं. भुतापायी भाव आणखी साडेनऊ टक्क्यांनी चढला.

दोघं अधिकाऱ्यापुढे जाऊन उभी राहिली. अधिकारी मनाचा वाईट नव्हता. त्याने दार लोटलं, नियमावली उघडली आणि बोट ठेवून म्हणाला, “काकू, भाव उतरवणारी एकच बाब आहे यात. ‘जागेवर गरीब माणसांचं वास्तव्य.’ एवढं असलं, की भाव एक दशांशावर येतो.”

“मग आम्ही आहोत की!” काकूंना हसू आवरेना. “आमच्याहून गरीब आणखी कुठून आणणार?”

त्याच दिवशी दोघांनी झऱ्याकाठी ताडपत्री बांधली, चूल मांडली आणि वनरक्षकाने बत्तीस वर्षांतला सर्वांत खरा शेरा लिहिला: ‘येथे एक वृद्ध जोडपे राहते.’ कार्यालयाने पाहणी केली, दोघांना गरीब म्हणून मंजूर केलं आणि दुसऱ्या दिवसापासून भाव एक दशांश होईल असं जाहीर केलं. दहा वाजता कार्यालय उघडलं तेव्हा पुंजीची पिशवी घेऊन वनरक्षक दारातच उभा होता. मोबाइलवरची घरबसल्या नोंदणी आठ वाजता सुरू झाली होती आणि आठ वाजून एक मिनिटाने तुकडा विकला जाऊन संपली होती. (झऱ्याकाठी रेंज नाही, हे त्याने स्वतःच लिहून दिलं होतं.)

ताबा देण्यापूर्वी जागेतला दोष काढून देणं कार्यालयावर बंधनकारक होतं. दोषाने आपली चूल स्वतः विझवली आणि ताडपत्रीची घडी घातली.

खरेदीदार मात्र सज्जन निघाला. त्याने दोघांना कामावर ठेवून घेतलं. वनरक्षक झऱ्यातला गाळ काढतो, बायको पाला झाडते. अट एकच, दिवस मावळायच्या आत आवारातून बाहेर पडायचं. भाड्याची खोली गाठायला त्यांना तासभर चालावं लागतं. खरेदीदाराला वाचनाची फार आवड आहे. साध्या माणसांवर झालेल्या अन्यायाच्या कथा तर त्याला विशेष भिडतात, आणि तशा कथा वाचायला झऱ्याकाठच्या खुर्चीसारखी जागा नाही.

तेव्हा, पान संपतच आलं आहे तर जरा पाय वर घेता का? काकूंना तुमच्या खुर्चीखालचा पाला काढायचा आहे, आणि ऊन उतरलंय.