पाव सूर चढा

धोंडीराम चाळीस वर्षं गात होते आणि चाळीस वर्षं पाव सूर चढेच गात होते. एसटीत कंडक्टरकी केलेला गळा तो, पेटीला कसला जुमानतो. गारगोटीच्या जयंती मंडळाचे अध्यक्ष प्रसेनजीत सर दर वर्षी त्यांना स्टेजऐवजी खुर्च्या मांडायच्या कामाला लावत. एकदा तरी भीमजयंतीला स्टेजवरून गावं, एवढीच धोंडीरामांची इच्छा होती. यंदा त्यांनी स्वतःच गाणं लिहिलं, तेव्हा सर म्हणाले, कोल्हापुरात रेकॉर्ड करून आणा, सुरात असलं तर गा. ब्याद टळली असं सरांना वाटलं.

लक्ष्मीपुरीतल्या रफिकच्या स्टुडिओत कॉम्प्युटरवर संगीत तयार झालं. सुरुवातीलाच सनईची मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, घेताना रफिकनं कीबोर्डची सूर चढवायची चकती वर सरकवली. चकतीची हालचाल कॉम्प्युटर रेघ म्हणून टिपून ठेवतो आणि ती रेघ माऊसनं खोडता-ओढता येते. रफिकनं ती नीटनेटकी करता करता नेमका खाली उतरणारा तुकडा खोडला. कॉम्प्युटर हा हुकमाचा ताबेदार. खाली ये असं कुणी म्हटलं नाही, तो वरच बसला. हीच रेघ पेटीला आणि बासरीलाही चिकटवल्यामुळे सगळी वाद्यं एकमतानं पाव सूर वर गेली, आणि एकमतानं झालेली चूक कुणाच्या कानाला लागत नाही. रफिकच्याही लागली नाही.

मग धोंडीराम गायले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा सुरात गायले. कोपऱ्यात बसलेल्या त्यांच्या बायकोनं, आक्काताईंनी, पदर डोळ्याला लावला.

"लगीन झाल्यापास्नं ऐकतोय की मी ह्यास्नी," त्या म्हणाल्या. "असं कवाच न्हाय झालं."

धोंडीरामांनी तिथूनच सरांना फोन लावून स्टेजवरची आपली वेळ ठरवून टाकली. नंतर दोघं नवरा-बायको चहाला खाली गेली.

एवढ्यात रफिकला पडद्यावर ती रेघ दिसली. हाडाचा कारागीर तो, त्यानं ती लगेच पुसली आणि गाणं पुन्हा लावलं. वाद्यं जागेवर आली होती, धोंडीराम मात्र वरच राहिले होते. गाणं बंद करायच्या आत दोघं दारात उभी.

धोंडीरामांनी मान तिरकी करून ऐकलं. "रफिकभाई, पेटी खाली का गेली वो?"

खरं सांगायला रफिकनं तोंड उघडलं. तेवढ्यात त्याची नजर आक्काताईंकडं गेली. त्यांचे डोळे अजून ओलेच होते.

"चुकी झाली मामा," तो म्हणाला. "माजीच हाय. वर घेतो."

आयुष्यभर बरोबर रेघा ओढणाऱ्या त्या माणसानं माऊस धरून ती चुकीची रेघ पुन्हा काढली, आणि अगदी मन लावून काढली.

सीडी ऐकून सरांनी ठरलेली वेळ कायम केली. जयंतीला तेच संगीत लावून धोंडीराम स्टेजवर गायले. मंडप डोलू लागला. शेवटच्या कडव्याला सरांनाही राहवलं नाही. त्यांनी माईक घेतला आणि आपल्या पेटीवर घोटलेल्या, शुद्ध सुरात साथ धरली.

धोंडीरामांनी गाता गाताच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मायेनं कानात सांगितलं,

"सर, खाली पडताय तुमी. या की जरा वर."

सर मुकाट्यानं वर आले.