बापूंचा तिसरा भोपळा

आमच्या कसबा बावड्यातल्या बापूंनी एकुलत्या एका लेकीच्या, सुमीच्या, लग्नाच्या आदल्या दिवशी सगळ्या पाहुण्यांना मांडवात उभं करून रडायला लावलं होतं. पाठवणीचा सराव म्हणून! "आज मोकळं रडून घ्या. उद्या गाडी वेळंत सुटाय पायजे," असं चक्क माईकवरून सांगितलं. पाहुणे आधी हसले, मग सुमीच्या मावशीला खराच हुंदका आला आणि सगळा मांडव असा रडला की दुसऱ्या दिवशी कुणाच्या डोळ्यात टिपूस उरलं नव्हतं. गाडी वेळेत सुटली आणि बापू खूश.

सरावाशिवाय हा माणूस काही करत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तेव्हा चार दिवस आधीपासून एका डोळ्याला फडकं बांधून हिंडले आणि शेजारच्या म्हशीवर जाऊन आदळले. वर म्हशीलाच म्हणाले, "तुला तरी दिसतंय न्हवं?" तरुणपणी तालमीत होते, नंतर दूध संस्थेचे सचिव झाले. बुक्कीनं नारळ फोडणारा हात आणि चौकात उभं राहून बोलले तर साखर कारखान्यापर्यंत जाणारा आवाज. कुणी काही ठरवलं की त्या आवाजात एकच सांगणं: "आदी सराव!" तीन वर्षांपूर्वी त्यांची बायको, आमच्या वहिनी, अचानक गेल्या. तेवढ्या एका गोष्टीचा सराव झाला नव्हता, आणि बापू त्याबद्दल कधी बोलत नाहीत.

माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या दारासमोर. आईवडिलांनी माझं चांगलं नाव ठेवलंय, पण बापू मला 'झेरॉक्स' म्हणूनच हाक मारतात. आधी राग यायचा. आता माझी बायकोसुद्धा कधीकधी तशीच हाक मारते, मग मी कुणाकुणावर रागावणार?

कोरोनाचं दुसरं वर्ष सरत आलं होतं. सुमी ऑस्ट्रेलियात, दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण माहेराला, हे आमच्याकडे न सांगता ठरलेलं. पण सुमी तिथून निघाली तर परत आत घेतील की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. मग एक दिवस तिचा फोन आला की आता तिकडं कायम राहणाऱ्यांच्या आईवडिलांना येऊ देतायत. बापू तडक दुकानात आले.

"झेरॉक्स, लेकीला माहेराला येता येत न्हाय न्हवं? मग माहेरच जाणार तिकडं!"

बापूंची थोरली बहीण आक्का त्यांच्याकडेच राहते. तिनं कपाळावर हात मारला. "बाप्यामाणसाचं काम हाय व्हय ते? माझं गुडघं धड असतं तर मीच गेली असती."

"मला काय कराय लागतंय? घरात मोठं माणूस असलं म्हंजे झालं. मी नुसता बसून ऱ्हाणार."

नुसतं बसायला जाणाऱ्या माणसानं माझ्या प्रिंटरची जी शाई संपवली, ती विचारू नका. नियम सोमवारी एक आणि गुरुवारी दुसरा. बहात्तर तासांच्या आतली टेस्ट, लशीचा दाखला, मोबाइलवरचा फॉर्म. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे उतरल्यावर चौदा दिवस हॉटेलच्या खोलीत बंद, बाहेर पाऊल टाकायचं नाही. बापूंनी तो कागद तीनदा वाचून घेतला.

"चौदा दिस. एकटा. दार लावून." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आदी सराव."

पहिला सराव विमानतळाचा झाला. अंगणात टेबल, टेबलामागे अधिकारी म्हणून आक्का. तिनं बापूंची पिशवी उघडली, डिंकाचा लाडू काढला आणि उभ्याउभ्या खाऊन टाकला. "ब्येस झाल्यात. जावा."

"असा अधिकारी असतोय व्हय, आक्का? कडक ऱ्हा की जरा!"

"मग आणि एक दे."

दुसरा सराव नाकातल्या टेस्टचा. कान साफ करायची काडी घेऊन मला डॉक्टर केलं. मी जेमतेम नाकाला टेकवली आणि बापू असे शिंकले की तीच शेजारची म्हैस दावं तोडून पळाली. तिला शोधायला अर्धी गल्ली गेली. मी दुकान बंद करून घरी जाऊन झोपलो.

आणि मग सुरू झाला चौदा दिवसांचा सराव. बापूंनी माडीवरच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलं. आक्कानं ताट दाराशी ठेवायचं, तीनदा वाजवायचं आणि निघून जायचं. आक्का वाजवायची आणि तिथंच थांबून ओरडायची, "जेवलास काय रं?" आतून ओरडा, "आक्का, हॉटेलवाला असं इचारत न्हाय!" मी रोज दहा वाजता तिकडचा आरोग्य अधिकारी म्हणून फोन करायचा, तोही इंग्रजीत. बापूंचं उत्तर पाठ होतं: "नो कफ, नो फिवर, नाष्टा झाला."

तिसऱ्याच दिवशी गल्लीत बोभाटा झाला, बापूंना कोरोना झाला म्हणून. आरोग्य केंद्राच्या आशाताई फॉर्म घेऊन हजर. बापू खिडकीतून ओरडले, "ताई, मला काय न्हाय झालेलं! मी सराव करतोय!"

"सगळे असंच काहीतरी म्हणतात," ताई थंडपणे म्हणाल्या आणि टेस्ट करवूनच गेल्या. रिपोर्ट निगेटिव्ह आला. टेस्टचाही खराखुरा सराव झाला म्हणून बापूंनी खिडकीतूनच त्यांचे आभार मानले.

पण त्याच दिवसापासून माडीवरून येणाऱ्या मागण्या मला कळेनात. रोज एक बादली कोमट पाणी. खोबरेल तेल. वहिनींचं जुनं मऊ सुती लुगडं. बसायला पाट. आणि एक लाल भोपळा! तोही तीन किलोचाच, काट्यावर तोलून. "तीनाच्या वर चालंल, खाली नगं," अशी ताकीद.

"हॉटेलात भोपळा देत्यात व्हय रं?" आक्कानं मला विचारलं. दुसऱ्या दिवशी रिकाम्या ताटाशेजारी त्याच भोपळ्याचे तुकडे आले आणि वर चिठ्ठी, 'दुसरा पाठवा.' आक्कानं त्या तुकड्यांचे घारगे केले, गल्लीत वाटले. दोन दिवसांनी दुसरा भोपळाही फुटून आला. पुन्हा घारगे. माझी पोरं बापूंच्या माडीकडे आशेनं बघायला लागली. तिसरा भोपळा मात्र वर गेला तो खाली आलाच नाही.

"डोस्कं फिरलं माझ्या भावाचं," आक्का डोळ्याला पदर लावून म्हणाली. "कोंडून घिऊन भोपळं फोडतोय." खरं सांगतो, मलाही काळजी वाटायला लागली. हा माणूस तिकडं परमुलखात एकटा कसा टिकणार? आणि तो टिकला नाही तर सुमीजवळ कोण?

नवव्या दिवशी मी ठरवलं, आज नुसता आवाज ऐकायचा नाही, तोंड बघायचं. व्हिडिओ कॉल लावला, तोही ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी. बापूंनी फोन उचलला, पण बहुतेक बंद करायला गेले आणि बटण चुकलं. फोन खिडकीच्या कट्ट्यावर उभाच राहिला आणि मला सगळी खोली दिसायला लागली.

बापू पाटावर बसले होते, पाय सरळ लांब केलेले. आमच्याकडे बायका तान्ह्या बाळाला न्हाऊ घालायला बसतात तसे. नडग्यांवर भोपळा. त्याला तेल लावून झालेलं. बापू एका हातानं तांब्यातून बारीक धार सोडत होते आणि दुसरा पंजा भोपळ्याच्या वरच्या अंगाला आडवा धरला होता.

"न्हाय, न्हाय... डोळ्यात न्हाय जायाचं पानी... झालं, झालं माझ्या सोन्या..."

तो आवाज बापूंचा होता यावर माझा विश्वास बसेना. इतक्या वर्षांत त्या गळ्यातून इतकं हळू काही आलेलं मी ऐकलं नव्हतं. धुऊन झालं, भोपळा वहिनींच्या लुगड्यात गुंडाळला, खांद्याशी धरला. मी गुपचूप फोन कापला. दहा वाजता पुन्हा लावला. "नो कफ, नो फिवर, नाष्टा झाला!" तोच कारखान्यापर्यंत जाणारा आवाज.

चौदाव्या दिवशी दार उघडून बापू थेट माझ्या दुकानात आले. बगलेत भोपळा. काउंटरवर ठेवला आणि झेरॉक्सच्या मशिनकडे बघत म्हणाले,

"तू बघितलंस न्हवं त्या दिशी? तुझं तोंड दिसलं मला फोनात. शेवटाला."

मी मान हलवली.

"सुमी झाली तवा मी तिला वरीसभर हातात घेतलीच न्हाय रं. भ्या वाटायचं. हे हात बघ की. तिची आई म्हणायची, घ्या, कायबी मोडत न्हाय. मी आपलं संस्थेत काम हाय म्हणायचो आणि जायाचो." त्यांनी हात खाली घेतले. "आता पोरीला आई न्हाय. आणि गल्लीत कुणाला सांगितलं असतं तर जलमभर हसली असती मला. दार लावायला ह्योच एक सराव सापडला बघ."

मी काउंटरवरचे कागद सारून भोपळ्याला जागा केली.

"दोन हातनं सुटलं," भोपळ्यावरून हात फिरवत ते म्हणाले. "ह्यो टिकला. कापू नगंस."

बापू ऑस्ट्रेलियाला गेले. तिकडच्या हॉटेलात त्यांना काडीचा त्रास झाला नाही. दार वाजवून पळणाऱ्या माणसाचं तर त्यांना फार कौतुक, आक्काला सांग म्हणाले. पण त्यांचे दोन दिवस राहिले असतानाच सुमी बाळंत झाली, आणि त्याच शहरात असून बापू बंद खोलीत. रोज "नाष्टा झाला" म्हणून ओरडणाऱ्या माणसाचा त्या दोन दिवसांत आवाज बसला. मुलगी झाली होती. वजन तीन किलो दोनशे.

आठवडाभरानं सुमीचा व्हिडिओ कॉल आला. न्हाणीघराच्या फरशीवर बापू पाय लांब करून बसलेले, नडग्यांवर नात, कपाळावर आडवा पंजा, तांब्याची बारीक धार. पोर रडत नव्हती. डोळे मिटून मस्त पडली होती.

"काका, बघा की ओ!" सुमी हसत होती आणि रडतही होती. "आक्काआत्या म्हणाली, बापूंना यातलं काही येत नाही. यांना कुणी शिकवलं हे सगळं?"

मी काउंटरवरच्या भोपळ्याकडे बघितलं.

"काय की, सुमे. बापूंनी सराव न करता केलेलं हे पहिलंच काम असणार."

बापूंनी मान वर केली. फोनात माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी माझं बोलणं खोडलं नाही.