बिसरामचे लाल पाय

"बोंबलू नोका ना वो! लोकं म्हनतीन, बायको मारून राहिली," असं म्हणत सुशीलाबाईंनी पट्टी खसकन ओढली. बाजेवर बसलेला बिसराम कापगते वीतभर उडाला.

"आई, केसांच्या उलट्या बाजूनं ओढ, एकदम," मुलगी निशा शेजारी उभी राहून शिकवत होती. ती गोंदियाच्या एका ब्युटी पार्लरमध्ये कामाला होती आणि वॅक्सच्या तयार पट्ट्यांचं पाकीट तिनंच आणलं होतं. "बाबा, टेन्शन नको घेऊ. हा पाय झाला की एकच उरला."

बिसरामवर ही वेळ यायला कारण होतं. त्याच्यासारखी बाई सौंदडपासून अर्जुनी मोरगावपर्यंत दुसरी नव्हती. दिवाळी झाली की गावोगावी मंडईची जत्रा भरायची, तिथे नाच-सोंगांची दंडार व्हायची आणि त्यांच्या गावच्या दंडारीत बाईचं पात्र वीस वर्षं तोच करत होता. एरवी धानाच्या बांधीत राबणारा हा रांगडा गडी लुगडं नेसून उभा राहिला, की बायकाच म्हणायच्या, पदर कसा घ्यावा ते बिसरामकडून शिकावं. पण गेल्या वर्षी अर्जुनीच्या मंडईत गिरकी घेताना लुगडं गुडघ्यापर्यंत उडालं आणि गर्दीतून आरोळी आली, "अस्वल आलं रे जंगलातून!" दंडारीचा म्होरक्या ईश्वरदास तेव्हापासून धुसफुसत होता. "यंदा पुन्हा हसं झालं, त पुढच्या साली नागपूरची पोरगी आनीन नाचाले," असं त्यानं तोंडावर सांगितलं होतं. बिसरामनं ते मनाला फार लावून घेतलं. दंडार गेली की तो नुसता बिसराम उरणार होता आणि नुसता बिसराम त्याला स्वतःलाच फारसा आवडत नव्हता.

हे काम दोन दिवस आधी उरकायचं, असं निशानं बजावलं होतं. पण पट्टी दिसली की बिसराम धानाचे भारे बांधायला पळायचा. शेवटी मंडईच्या दिवशी सकाळीच सुशीलाबाईंनी त्याला धरला. त्यांचं मात्र कौतुक केलं पाहिजे. संसारातला एकेक जुना राग त्यांनी एकेका पट्टीसोबत मोकळा केला, पण नवऱ्याच्या पायावर औषधालासुद्धा केस ठेवला नाही.

पाय केळीच्या गाभ्यासारखे गुळगुळीत निघाले. थोड्याच वेळात त्यांच्यावर लाल पुरळ उठू लागलं.

"होते असं," निशा म्हणाली. "गरम पानी नको, साबन नको, टाईट कपडे नको. थंड पान्याची पट्टी ठेव आन वरून कोरफड लाव." एवढं सांगून ती लुगड्याला इस्त्री करायला आत गेली.

पण कार्यक्रमाच्या दिवशी आंघोळीशिवाय बिसराम लुगड्याला हात लावत नसे आणि चुलीवरच्या कढत पाण्याशिवाय त्याची आंघोळ होत नसे. साबण ओघानंच आला. बाहेर आल्यावर सुशीलाबाईंनी मायेच्या भरात खरखरीत टॉवेलनं त्याचे पाय खसाखसा पुसले. आता पाय इतके लाल झाले, की ते झाकायला त्यानं गुपचूप निशाची लेगिंग चढवली. टेम्पोत बसल्यावर लेगिंगमध्ये आग आग होऊ लागली, म्हणून लुंगीखालून ती ओढून काढली. पण टेम्पोत बसायला अंथरली होती धानाची तणस. तणस उघड्या पायाला कशी लागते, हे मळणी केलेल्या माणसालाच विचारावं.

अर्जुनीला उतरताना त्याचे पाय पाहून ईश्वरदासनं कपाळावर हात मारला. "हे काय करून आनलं बे? यापरीस अस्वल परवडलं असतं!"

"तू ढोलकी वाजव," बिसराम दातओठ खात म्हणाला. "बाकीचं मी पायतो."

भर दुपारी दंडार उभी राहिली. सुरुवातीला बिसराम लुगडं जपून, जमिनीला घासत नाचला. पण ढोलकी रंगात आली आणि त्याला पायांचा विसर पडला. त्यानं गिरकी घेतली, लुगडं उडालं. पुढच्याच रांगेतून गुलाबचंद ट्रॅक्टरवाला ओरडला, "अवो बाई, पाय काऊन लाल झाले वो?"

हशा उसळला. ईश्वरदासचा हात ढोलकीवरच थिजला.

बिसरामनं कमरेवर हात ठेवला, मान वेळावली आणि बाईच्याच आवाजात सावकाश म्हणाला, "तुमच्यासाठीच ना जी! गेल्या साली केस दिसले, त अस्वल म्हनलं. यंदा उपटून आली, त लाल म्हनता. आता का चामडी घरी ठेवून येऊ?"

पुरुषांचं हसू थांबलं आणि मागे बसलेल्या बायकांचं सुरू झालं. एरवी पदराआड हसणाऱ्या बायका त्या दिवशी मोकळ्या तोंडानं खदखदत होत्या.

"एक पट्टी सोसून पाहा, मंग बोला," बिसराम म्हणाला.

"हट! त्यात काय हाय?" गुलाबचंद छाती काढून म्हणाला.

"मंग जा ना वर! भेऊन राहिले का?" हे मात्र बिसराम बोलला नव्हता. बायकांतून गुलाबचंदची बायको रिंकू उभी राहिली होती.

आता मागे फिरायची सोय नव्हती. गुलाबचंदनं पँट वर सारली. बायकांत बसलेल्या मायलेकी पुढे आल्या. निशानं पिशवीतल्या उरलेल्या पाकिटातली एक पट्टी चिकटवली आणि सुशीलाबाईंनी सरावलेल्या हातानं ओढली. गुलाबचंदच्या तोंडून जे निघालं ते मंडईच्या दुसऱ्या टोकाला जिलेबी तळणाऱ्यालाही ऐकू गेलं.

त्यानंतर बिसराम जो नाचला, तसा वीस वर्षांत नाचला नव्हता. दंडार संपल्यावर एक म्हातारी पुढे आली आणि तिनं त्याच्यावरून कडाकडा बोटं मोडली. "माय वो, आमच्याच मनातलं बोलली तू," ती म्हणाली. बिसरामच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यातलं थोडं पायांमुळे असेलही, पण बाकीचं खरं होतं.

ईश्वरदासला तिकडे आजूबाजूच्या गावच्या मंडईवाल्यांनी घेरलं होतं. सगळ्यांना हीच दंडार हवी होती, पण पट्टीसकट. नागपूरची पोरगी कुणाच्या लक्षातही नव्हती.

"बाप्पा, पन माया पायावर आता एक बी केस नाई!" बिसराम घाबरून म्हणाला.

"तुले कोन हात लावते? तू त आमची हिरोईन होय," ईश्वरदास म्हणाला. त्याची नजर भलतीकडेच होती. एका खुर्चीवर गुलाबचंद पायावर ओलं फडकं धरून बसला होता. एक पट्टा सोडला तर दोन्ही पायांवर अजून घनदाट जंगल उभं होतं. ईश्वरदास त्याच्याजवळ जाऊन बसला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"गुलाबभाऊ, आमच्या दंडारीत काम करसीन का?"

गुलाबचंदचा चेहरा उजळला. "मी त लहानपनापासून वाट पाहून राहिलो ना जी! पन मले पाठ नाई होत."

"काई पाठ कराचं नाई," ईश्वरदास मायेनं म्हणाला. "नुसतं पाय लांब करून बसाचं."