एक हात पॉलिश

पितळेच्या पाटीवर एक हात पॉलिश मारावं, एवढंच मी ठरवलं होतं. माझा जन्म फर्निचरला पॉलिश करण्यात गेला. कोरडी, उघडी वस्तू दिसली की हात शिवशिवतात. (मुलगी बघायला गेलो तेव्हाही बोलता बोलता मी सासऱ्यांचं टेबल रुमालाने पुसत होतो. मुलगा नीटनेटका आहे, असा त्यांचा गैरसमज झाला.)

पाटी त्या सासऱ्यांचीच. ते शिंपी होते. ते गेले, दुकान गेलं, पाटी तेवढी हिने जपून ठेवली. आणि आता ही स्वतःचं शिलाईचं दुकान उघडणार होती, दुसऱ्या दिवशी सकाळी. वडिलांच्या पाटीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आपल्या दुकानाचं नाव कोरायचं आणि तीच दारावर लावायची, असं हिच्या मनात होतं. दुसरी पाटी हिला चालणार नव्हती.

नाव कोरणार होतं आमच्या लेकीचं मशीन. तिने ते घरीच बनवलंय. रूळ माझ्या जुन्या टेबलाच्या ड्रॉवरचे, मोटरी भंगारातल्या प्रिंटरच्या. कॉम्प्युटर सांगेल तिथे कोरणी जाते आणि कोरते. मशीन जेवणाच्या टेबलावर असतं, त्यामुळे आम्ही जमिनीवर जेवतो. पण घरी कोणी आलं की मी त्याला पाणी नंतर विचारतो, मशीन आधी दाखवतो.

"बाबा, पाटी किंचित वाकलीय," लेक म्हणाली.

"सपाट तर दिसते."

"तुम्हाला दिसते. कोरणी एकीकडे खोल जाईल आणि दुसरीकडे नुसती हवा कोरेल. म्हणून आधी चाचपून घ्यायचं."

मग तिने मला समजावलं. एक वायर कोरणीला, एक पाटीला. कोरणी हळूहळू खाली येते. पितळेला टेकली की वायरींतून वीज जाते, मशीनला कळतं, इथे पाटी आहे. आणि ते थांबतं. असं जागोजागी टेकून ते सगळे चढउतार लक्षात ठेवतं आणि कोरताना तेवढंच वर-खाली होतं.

"म्हणजे अंधारात आपण पायाने पायरी शोधतो, तसं," मी म्हणालो.

"अगदी तसंच, बाबा!"

तो सबंध दिवस मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटत होतं. लेक बाहेर गेली होती, पाटी समोर होती, आणि हुशार माणसाला गप्प बसवत नाही. मी पाटी चकचकीत घासली आणि तिच्यावर एक हात पॉलिश मारलं. इतकं पातळ, की वाळल्यावर माझं मलाच दिसेना. (याला हात लागतो.)

संध्याकाळी लेकीने पाटी मशीनवर बसवली, वायरी लावल्या. आम्ही दोघं बाजूला उभे राहिलो. कोरणी खाली येऊ लागली.

"टेकली," ही म्हणाली.

कोरणी थांबली नाही.

"अगं, टेकली ना!"

"मला दिसतंय, आई! मशीनला कळत नाहीये!"

मशीन कण्हू लागलं. टेबल थरथरलं.

"अहो, बघत काय बसलात, बंद करा!"

मी धावलो आणि बटण बंद केलं. पंखा थांबला. तेवढ्यात लेकीनेच मशीनची पिन उपटली. कोरणीचं टोक मोडलं होतं आणि पाटीच्या कोपऱ्यात एक खळगा पडला होता.

हिने त्यावरून बोट फिरवलं. "बाबांची पाटी," एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

लेकीने पाटी नखाने खरवडली, वास घेतला. "बाबा, हिला काही लावलंय का?"

"छे, काही नाही. म्हणजे, पॉलिशशिवाय काही नाही."

"पॉलिशमधून वीज जात नाही, बाबा! कोरणी टेकली, पण मशीनपर्यंत पोचलंच नाही."

ही माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "ह्यांनाही कोणीतरी पॉलिश मारूनच माझ्या गळ्यात बांधलंय. कितीही टोचा, आत म्हणून पोचत नाही." आणि हसली. माझा जीव भांड्यात पडला.

मी स्वतः ते पॉलिश उतरवलं. आपलं चांगलं काम आपल्याच हाताने पुसायचं म्हणजे काय, ते मला विचारा. लेकीने नवी कोरणी बसवली. आता ती टेकायची, उचलायची, पुढे सरकून पुन्हा टेकायची. कोंबडी दाणे टिपते तशी. मग कोरायला लागली. नावाच्या शेजारी लेकीने एक सुई काढली, आणि तो खळगा बरोबर सुईच्या नाकात बसवला.

सकाळी पाटी दारावर लागली. पहिल्याच गिऱ्हाईक बाईंनी अक्षरांवरून बोट फिरवलं. "किती एकसारखं कोरलंय! कोणी केलं?"

"आमच्या लेकीने," ही म्हणाली.

"आणि ही सुई? काय छान सुचलीय!"

हिने माझ्याकडे पाहिलं. "ती ह्यांच्यामुळे."

माझी छाती इतकी फुगली, की ते माप घ्यायला शिंपिणीचीही टेप पुरली नसती.

घरी आलो तर लेक म्हणाली, "बाबा, मशीनवर लावायला एक छोटी पितळी पाटी कोरलीय. खास तुमच्यासाठी." माझं नाव असणार, म्हणून मी घाईघाईने चष्मा लावला. पाटीवर लिहिलं होतं : 'बाबा, पितळेला पॉलिश लावू नये.'

अक्षरं मात्र काय सुरेख! कुठे खोल नाही, कुठे उथळ नाही. लेकीच्या हातची अशी देखणी पाटी काळी पडू देणं माझ्या जिवावर आलं.

मी तिच्यावर एक हात पॉलिश मारलं.