हौदाचा दर

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या गुरुशांत बिराजदारांनी विजेवर चालणारी गाडी घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून ते एसटीने कामाला जाऊ लागले.

यात विसंगती नव्हती, अभ्यास होता. घरगुती योजनेत जितकी वीज जास्त, तितका युनिटचा दर चढा. वाहनांच्या योजनेत दर उतरता, पण फक्त ऊन असताना. आणि ऊन असताना गुरुशांत बार्शीच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत. तेव्हा गाडीने घरी राहून स्वस्तात चार्ज व्हावं आणि मालकाने एसटीने जावं, हाच शास्त्रशुद्ध मार्ग होता. संध्याकाळी परतल्यावर ते भरलेल्या बॅटरीकडे समाधानाने बघत. वापरली तर पुन्हा भरावी लागेल, म्हणून वापरत नसत.

"अहो, गाडी घेतलीय की पाळलीय?" पत्नी श्रीदेवीने विचारलं. सासूला ती आत्याबाई म्हणे. "रविवारी अक्कलकोटला आत्याबाईंच्या भाचीचं लग्न आहे. नव्या गाडीतनंच येणार म्हणून त्यांनी पाहुण्यांना फोन करून सांगितलंय की!"

"नेतो की आईला. आधी दर तर ठरू दे."

दिवसरात्र एकच स्वस्त दर मिळावा म्हणून त्यांनी स्वतंत्र मीटरसाठी अर्ज केला. पाहणीला वीज कंपनीचे साहेब आले तेव्हा घरात फक्त गुरुशांतच्या आई, मल्लव्वा, होत्या. साहेब नाशिककडून नुकतेच बदलून आलेले. मल्लव्वांचं माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे घाईत त्यांच्या तोंडी कन्नडच येई. दोन दिवसांनी गुरुशांतच्या मोबाइलवर निरोप आला : 'आपल्या दोन हौदांसाठी पाणीपुरवठा दराने जोडणी मंजूर.'

"आई, साहेबांना काय सांगितलंस?"

"काय सांगनार? त्यानं इचारलं, आजी, वीज गाडीलाच पायजे ना? मी म्हटलं, हौदु. त्यो म्हनला, हौद? मी म्हटलं, हौदु, हौदु! लई गुणाचं पोरगं. लगीच लिवून घेतलं."

कन्नडमध्ये 'हौदु' म्हणजे 'होय'. मल्लव्वांनी होकार दिला होता, साहेबांनी हौद मोजले होते.

गुरुशांतनी चूक कळवायला फोन उचलला आणि तेवढ्यात त्यांची नजर दरपत्रकावर गेली. पाणीपुरवठ्याचा दर सगळ्यांत खाली होता. दिवसाही, रात्रीही. त्यांनी फोन खाली ठेवला.

"आजपासून ही गाडी नाही," त्यांनी घरात जाहीर केलं. "हा हौद आहे."

शनिवारी साहेब पडताळणीला आले. त्यांनी गाडीभोवती एक गंभीर फेरी मारली.

"हौदाला चाकं आहेत."

"हलवायला सोपा जातो, साहेब."

"हौद जागचा हलता कामा नये. नियम आहे."

गुरुशांतनी चाकं काढली आणि गाडी विटांवर बसवली.

"यात पाणीही नाही."

"सोलापुरात कुठल्या हौदात आहे, साहेब?"

साहेबही आता सोलापुरातच राहत असल्यामुळे त्यांनी त्या मुद्द्यापुढे बरोबरची खूण केली. "बरं, दुसरा हौद?"

गुरुशांतनी डिकी उघडून दाखवली. साहेबांनी शेरा मारला : 'हौद क्रमांक दोन, झाकणासह.'

रविवारी सकाळी मल्लव्वा नवं इरकल नेसून, गजरा माळून दारात आल्या आणि थबकल्या.

"का रं, चाकं कुटं गेली?"

"आई, चाकं लावली की दर जातो."

"आन् न्हाय लावली की लगीन जातंय! पावन्यांना काय सांगू?"

"सांग, अख्ख्या पाहुण्यांत सगळ्यांत स्वस्त दर आपला आहे."

मल्लव्वांनी लेकाकडे पाहिलं, विटांकडे पाहिलं आणि कन्नडमध्ये काहीतरी म्हटलं. त्यात 'हौदु' नव्हतं. सुनेचा हात धरून त्या एसटी स्टँडकडे चालू लागल्या.

दुपारपर्यंत गल्ली पोट धरून हसली. संध्याकाळी मात्र एकेक शेजारी, दुसरा कुणी बघत नाही ना याची खात्री करून, गुरुशांतच्या दारात आला. "सर, आमची नुसती स्कूटर हाय. तिची टाकी बसंल का नियमात?" रात्री जेवणवेळेपर्यंत रांग कोपऱ्यावरच्या गिरणीपाशी पोहोचली. त्यात गाडी नसलेलेही होते.

तुम्हीही हसलात. हसा. पण हा दर आपल्याला कसा लागू होईल, याचा विचार मघापासून तुमच्या मनात चाललाय, तो काही लपत नाही. लाजू नका, लागा रांगेत. फक्त येताना पाना घेऊन या.