सायीचं टेंडर

वैजयंतीबाईंनी दुधातली साय काढणारं क्रीम सेपरेटर आणायचं काम नवऱ्यावर सोपवलं, तेव्हा त्यांना वाटलं, रिटायर्ड माणसाला तेवढाच उद्योग. पण राजाभाऊंनी तेहतीस वर्षं दिल्लीत सरकारी खरेदी विभागात काढली होती. टाचणीपासून ट्रकपर्यंत सगळं त्यांनी सरकारसाठी विकत घेतलं. घरची भाजी मात्र सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये होते तेव्हापासून बाईच आणायच्या. राजाभाऊ भेंडीलासुद्धा तीन गाड्यांवर भाव विचारायचे, आणि पहिल्या गाडीकडे परत येईपर्यंत भेंडी संपलेली असायची.

आता दिल्लीतल्याच द्वारकेच्या फ्लॅटमध्ये आल्यावर बाईंच्या हातच्या लोण्या-तुपाला मागणी येऊ लागली होती. पातेल्यावरची साय जमवून काही भागेना, म्हणून त्यांनी घरगुती डेअरीच काढायचं ठरवलं. पहिली मोठी ऑर्डरही मिळाली. करोल बागेतल्या मराठी मंडळाच्या गोकुळाष्टमीला तीन किलो पांढरं लोणी. मंडळाच्या अध्यक्षा कादंबरीताई दरवर्षी ते बाजारातून आणायच्या. "यंदा घरचं लोणी मी देते," असं वैजयंतीबाई चाळीस बायकांसमोर बोलून बसल्या होत्या. आता लोणी झालं नाही, तर त्या चाळीसजणींना वर्षभर पुरेल एवढा विषय मिळणार होता.

"एक छोटंसं मशीन हवंय. जाऊन घेऊन या," त्या म्हणाल्या.

"असं कसं जाऊन घेऊन या? आधी गरज निश्चित करावी लागते."

"गरज लोण्याची आहे."

"ताशी किती लिटर? हाताचं की विजेचं? भांडं स्टीलचं की ॲल्युमिनियमचं?" राजाभाऊंनी चष्मा लावला, आणि बाईंनी कपाळाला हात लावला.

त्याच दिवशी समिती स्थापन झाली. अध्यक्ष राजाभाऊ, सदस्य वैजयंतीबाई आणि तांत्रिक सदस्य म्हणून नोएडाला सॉफ्टवेअर कंपनीत जाणारी त्यांची मुलगी तनया.

"बाबा, मला यातलं काही म्हणजे काही कळत नाही यार."

"म्हणूनच. तुझं मत निष्पक्ष राहील."

सात दुकानदारांकडून कोटेशनं आली. फ्रिजच्या दारावर तुलनेचा तक्ता लागला. कुठलं मशीन किती दूध ओढतं, किती आवाज करतं, साय काढल्यावर दुधात किती स्निग्धांश मागे सोडतं, सगळं त्यात. राजाभाऊ प्रत्येक दुकानात चार-चार खेपा घालत. एक दुकानदार तर त्यांना लांबून पाहूनच जेवायला निघून गेला. तेव्हा सकाळचे दहा वाजले होते.

अष्टमीला तीन दिवस उरले आणि मशीन घरी आलं. खरं सांगायचं तर निवड फर्स्टक्लास होती. "दुधात थेंबभर साय मागे ठेवणार नाही," राजाभाऊ म्हणाले, आणि बाईंनी कबूल केलं की माणूस चिवट असला तरी हुशार आहे. त्याच भरात त्यांनी चाळीस लिटर दूध आणायचं कामही नवऱ्याला देऊन टाकलं. हे नडलं.

अष्टमीच्या आदल्या दिवशी दूध आलं. बाईंनी ते कोमट केलं, मशीन सुरू केलं आणि वर ओतलं. मशीनला दोन तोट्या. एकीतून साय काढलेलं दूध, दुसरीतून साय. पहिली धो धो वाहू लागली. दुसरी ठिबकू लागली. चाळीस लिटर संपले तेव्हा सायीच्या पातेल्याचा तळ जेमतेम झाकला होता.

"आई, मलाई कुठेय?" तनयाने विचारलं.

"ते तुझ्या बाबांना विचार."

राजाभाऊंनी मशीन उघडलं, आतल्या चकत्या मोजल्या, टेबल सरळ आहे का पाहिलं. शेवटी दुकानदाराला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "अंकल जी, दूध में होगी तो निकलेगी."

बाईंनी कॅनच्या तळाशी राहिलेलं दूध बोटाने चाखलं. "अहो, हे दूध आहे की तांदळाचं धुवण? कुणाकडून घेतलंत?"

"सतबीर चौधरीकडून. पाच जणांचे भाव मागवले होते. त्याचा सर्वांत कमी होता. नियमच आहे तो."

"कमी का होता, ते विचारलंत?"

तेहतीस वर्षांत कुठल्याच फॉर्मवर हा रकाना नव्हता.

"चाळीसजणींसमोर बोलून बसलेय हो मी," बाई म्हणाल्या. राजाभाऊंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी तडक सतबीरला बोलावलं.

सतबीर शपथा तयार ठेवूनच आला. "बिल्कुल शुद्ध दूध है जी, भैंस की कसम."

राजाभाऊंनी पातेलं पुढे केलं. "चालीस लीटर में से बस इतनी निकली."

सतबीर पाहतच राहिला. "इतनी? हो ही नहीं सकता जी."

"क्यों?"

"क्योंकि हम तो सुबह सारी निकाल..." तो थांबला. पण दूध सांडून गेलं होतं. तो मटकन स्टुलावर बसला. लाज वाटली म्हणून नव्हे, त्याचं दुःख वेगळंच होतं. "मतलब मेरी मशीन रोज इतनी मलाई छोड़ रही है? चार साल से?"

"कौन सी ली थी?"

"पहली दुकान में जो दिखी, उठा ली."

राजाभाऊंचा चेहरा उजळला. त्यांनी फ्रिजवरचा तक्ता काढून आणला आणि पाऊण तास त्याला एकेक रकाना समजावला. सतबीरने सगळ्याचे फोटो काढून घेतले.

"ते राहू द्या. माझ्या लोण्याचं काय?" बाईंनी हिंदीत दम भरला.

संध्याकाळी सतबीर पाच किलो साय घेऊन हजर झाला. "आपकी ही है बहन जी. बस बर्तन मेरा था."

बाईंनी रात्री विरजण लावलं, सकाळी घुसळलं. तीन किलो आणि वर वाटीभर लोणी निघालं, मऊ, पांढरं शुभ्र. करोल बागेत प्रसाद वाटला तेव्हा कादंबरीताई बोटं चाटत म्हणाल्या, "राजाभाऊ, मशीन निवडावं तर तुम्ही." चाळीस बायकांनी माना डोलावल्या. हे लोणी सतबीरच्या न निवडलेल्या मशीनचं आहे, हे राजाभाऊंनी कुणाला सांगितलं नाही.

एवढ्यात त्यांचा फोन वाजला. सतबीर होता. बोलणं संपवून राजाभाऊ बाईंकडे वळले तेव्हा आनंद त्यांच्या पोटात मावत नव्हता. "पुरानी बेच डाली म्हणे. आपण घेतलं तेच मशीन घेतलं त्याने. एक बूंद नहीं छोड़ती, म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझा तक्ता अमलात आणला, वैजू."

"छान झालं," वैजयंतीबाई म्हणाल्या. "आपल्या सोसायटीत निम्म्या घरांना दूध त्याचंच येतं."